हंसाच्या मानेपाशी

४ ऑक्टोबर

पावसाचे ढग आवरले. आज गच्चीचं कुलूप काढलं. दुर्बिणीवरचं कापड झटकलं तर धुळीचा लोट उठला. हे असते तर म्हणाले असते, "झटकू नकोस गं, त्यातून उद्या एखादा तारा व्हायचा असेल."

हे जाऊन दुसरं वर्ष सरत आलं. दगड फोडायच्या कारखान्यात आयुष्य गेलं आणि तिथली धूळ छातीत बसली. शेवटी शेवटी जिना चढवेना, तेव्हा मला वर पाठवायचे. मी दुर्बिणीतून बघायची, खाली येऊन सांगायची, आणि हे पलंगावर उशीला टेकून माझ्या सांगण्यावरून चित्र काढायचे. चार यत्ता शिकलेल्या बाईला आकाश असंच आलं, जिना चढून-उतरून.

यांना चंद्र, ग्रह कशाचं फारसं कौतुक नव्हतं. वेड एकच, काळे ढग. ताऱ्यांच्या दाटीत मधेच मोकळी जागा दिसते. बघणाऱ्याला वाटतं, इथे काही नाही. हे म्हणायचे, "तिथेच तर आहे. धूळ आहे. तिने मागचे तारे झाकलेत, म्हणून तर ती कळते."

दवाखान्यात नेलं त्या दिवशी, गाडीत बसताना माझा हात धरून म्हणाले, "हंसाच्या मानेपाशी अजून एक आहे. आकाशाच्या नकाशात नाही. माझं राहून गेलं. तू बघत राहा."

घरी काही परत आले नाहीत. मागच्या वर्षी मला गच्चीवर जायचा धीर झाला नाही. या वर्षी बघणार आहे.

५ ऑक्टोबर

जिन्याच्या वळणावर उजवा खांदा भिंतीवर आपटला. वन्सं म्हणाल्या, "तीस वर्षं याच जिन्यावरून जातेस, भिंत काय आज आली का?" वन्सं म्हणजे यांची थोरली बहीण. लग्न केलं नाही. उभा जन्म सिनेमाच्या तिकीटखिडकीत आणि दारावर काढला, त्यामुळे समोरच्याने तोंड उघडायच्या आत त्याला गप्प करायची सवय. यांच्यामागे आम्ही दोघीच या घरात.

९ ऑक्टोबर

तीन संध्याकाळी जमवाजमव करण्यात गेल्या. दुर्बिणीतला आरसा पुसायचा धीर होईना. शेवटी यांनी शिकवलं होतं तसं नुसतं पाणी सोडलं आणि वाळू दिला.

डोळ्याची पट्टीही सापडली. काळ्या मखमलीची, मीच शिवलेली. दिवेलागणीला ती उजव्या डोळ्यावर बांधायची, म्हणजे घरातल्या उजेडाने तो डोळा बिघडत नाही. वर गेलं की तीच पट्टी डाव्या डोळ्यावर सरकवायची आणि अंधारात मुरलेल्या उजव्याने बघायचं. माझा आकाशाचा डोळा उजवा. डावा घरकामाचा.

पट्टी बांधून भाजी चिरत होते तर वन्सं म्हणाल्या, "आली समुद्रावरची दरोडेखोर. चाकू सांभाळ."

१४ ऑक्टोबर

सापडलं.

अक्षर वाकडं येतंय. हंसाची मान धरून हळूहळू खाली सरकत होते. तिथे तारे म्हणजे रवा सांडावा तसे. आणि उजवीकडे, जरा वरच्या अंगाला, एकदम काही नाही. काळंही नाही म्हणता येणार, नुसते तारे नाहीत. घेवड्याच्या दाण्यासारखी बाकदार जागा. यांनी शिकवलं होतं, अंधुक गोष्टीकडे थेट बघायचं नाही, शेजारी बघायचं, म्हणजे ती आपण होऊन डोळ्यात येते. तसं केलं, आणि ती आणखी स्पष्ट झाली.

नकाशा काढला. तिथे काही दाखवलेलं नाही.

मी दुर्बिणीजवळच्या स्टुलावर बसून राहिले. उजव्या हाताला कोणीतरी उभं आहे असं वाटलं. वळून पाहिलं नाही. बघितलं की जातात, हे मला आता कळतं.

१६ ऑक्टोबर

मास्तरांना फोन केला. आमच्या आकाश मंडळाचे ते प्रमुख, यांचे जुने स्नेही, निवृत्त झाले तरी बोलण्यातली छडी गेलेली नाही. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "वहिनी, त्या भागाचे फोटो ढिगाने आहेत. फोटोत असं काही दिसत नाही हो."

मी म्हटलं, "फोटोत तर हेही कधी खरे दिसले नाहीत."

हसले. म्हणाले, "चित्र पाठवा. आणि आपला नियम तुम्हाला ठाऊक आहे. दुसऱ्या कोणीतरी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं पाहिजे. मग वार्षिक अंकात छापू, माझ्या दोस्ताच्या नावानं. त्याचा ढग म्हणून."

त्याचा ढग. मला दुसरं काही नको. दगडाच्या धुळीने यांना नेलं, आता कुठल्यातरी धुळीला यांचं नाव लागू दे.

१७ ऑक्टोबर

वन्संना वर नेलं. कुरकुरत आल्या, गुडघे धरून. शालीचं मुंडासं बांधून दुर्बिणीला डोळा लावला. कितीतरी वेळ बघत होत्या.

"दिसलं?"

शाल आवळून तशाच वाकून राहिल्या.

"वन्सं, दिसलं का? उजवीकडे, वर. तारे नाहीत बघा तिथे."

"हो," त्या म्हणाल्या. "दिसलं."

"कसं आहे?"

"तू सांगितलंस तसंच."

मग शालीच्या टोकाने डोळे पुसले. पहिल्यांदा बघताना पाणी येतंच डोळ्यांना, ताण पडतो. मी त्यांना सांगितलं, सवय होईल. खाली येऊन मास्तरांना कळवलं की दुसरा साक्षीदार मिळाला. वन्सं स्वयंपाकघरातून ओरडल्या, "माझं नाव कशाला घालतेस त्यात? मला काय कळतंय!" मी म्हटलं, दिसायला कळावं लागत नाही.

२० ऑक्टोबर

आज रस्त्यात एक सायकलवाला अंगावरच आला. कुठून उपटला कळलं नाही. वर मलाच म्हणतो, "मावशी, घंटी वाजवत होतो, तुमच्या नजरेसमोरून आलो." हल्ली सगळं असंच होतं. उजवीकडून माणसं एकदम उगवतात. वन्संसुद्धा दारात उभ्या असतात आणि मी दचकते.

आधी असं होत नव्हतं. पण आधी हे उजवीकडून चालायचे. त्या बाजूचं जग यांनी सांभाळलेलं होतं.

डोळे माझे खणखणीत आहेत. आज वन्संच्या झंपराला हुक लावले, सुईत दोरा पहिल्या झटक्यात ओवला. वन्सं सत्तरीच्या, त्यांना सुईच सापडत नाही.

२६ ऑक्टोबर

लिहू की नको, असा विचार करत होते. पण ही वही कोणी वाचणार नाही.

आज वर जायला उशीर झाला, तोवर हंस पश्चिमेच्या धुरात गेला होता, म्हणून दुर्बीण शर्मिष्ठेकडे वळवली. सहज, वेळ जावा म्हणून. तिथेही तेच. तीच घेवड्याच्या दाण्यासारखी जागा. उजवीकडे, वर.

काळा ढग असा एका तारकासमूहातून उठून दुसऱ्यात जात नाही. एवढं मला कळतं. हे कोणाकडून ऐकलं असतं तर मीच म्हटलं असतं, बाई, काहीतरी चुकतंय तुझं.

दुर्बिणीला डोळा लावतो तो आयपीस काढून पुसला. फिरवून लावला. जागा हलली नाही.

मग बसून राहिले आणि मनाशी कबूल केलं की मला भीती वाटत नाहीये. उलट बरं वाटतंय. मी जिकडे बघते तिकडे हे येतात.

मास्तरांना हे सांगितलेलं नाही.

२७ ऑक्टोबर

पुन्हा शर्मिष्ठा. पुन्हा आहे.

२ नोव्हेंबर

सबंध आठवडा आकाश गढूळ. दिवसा शिवणाची कामं उरकली. संध्याकाळी पट्टी बांधून नुसतीच बसते. वन्सं म्हणाल्या, "ढगात काय दिसणारे तुला? सोड ती पट्टी, माणसासारखी बस." मी म्हटलं, डोळा तयार असलेला बरा. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "त्या दिवशी मी नाही म्हटलं असतं तर काय केलं असतंस?"

"कशाला नाही म्हणाल्या असता? दिसलं ना तुम्हाला."

भांडी जोरात आपटायला लागल्या. वयाबरोबर माणूस चिडचिडं होतं.

८ नोव्हेंबर

मास्तर आज स्वतः आले. सोबत मंडळातला आमचा कंदील. त्याला कंदील म्हणतात कारण ऐन अंधारात दरवेळी कुठूनतरी दिवा लावतो. आजही जिन्यात मोबाइल उजळला आणि मास्तर गरजले, "विझव रे! तुझ्या लग्नातसुद्धा तूच उजेड पाडला असशील." खूप दिवसांनी या घरात चार माणसं हसली.

मास्तरांनी हंसाची मान पाहिली. कंदिलाने पाहिली. पुन्हा मास्तरांनी पाहिली. मग मास्तर म्हणाले, "वहिनी, तुम्ही जरा बसा. आम्ही दुर्बीण नीट लावतो, मग तुम्ही दाखवा."

मी पाठ करून बसले. मागे काही हलवाहलवी झाली. "या," म्हणाले.

मी पट्टी सरकवून डोळा लावला. "हा बघा," मी म्हटलं. "हा काय इथे. उजवीकडे, वर." कागद मागून चित्रसुद्धा काढून दिलं, त्यांच्या लाल दिव्यात. आधीच्या चित्रावर ठेवलं तर तंतोतंत बसेल असं.

मास्तर बराच वेळ त्या कागदाकडे बघत होते.

"वहिनी," म्हणाले, "हा हंस नाही. मी नळी शर्मिष्ठेकडे फिरवली होती."

मला माहीत होतं ना की तिथेही आहे. पण हे कसं सांगणार?

"तुम्ही दुसऱ्या डोळ्याने कधी बघितलंत का?"

"नाही. माझा डोळा उजवा आहे."

"तुमच्या आईंना डोळ्यांचं काही होतं?"

मला राग आला. म्हटलं, "आईला काही झालं नव्हतं. म्हातारपणी भिंत धरून चालायची, इतकंच. तुम्हाला दिसत नाही, म्हणून माझ्या आईला कशाला मधे आणता?"

कंदील खाली बघत होता. वन्सं जिन्याच्या दारात उभ्या होत्या. त्या पायऱ्या उतरून खाली निघून गेल्या.

जाताना मास्तर म्हणाले, "डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन या. माझ्यासाठी जा. मग आपण अंकाचं बघू."

९ नोव्हेंबर

जाणार नाही.

१२ नोव्हेंबर

वन्संनी परस्पर वेळ घेतली. "तू नाही आलीस तर तुझी ती नळी भंगारवाल्याला देईन," म्हणाल्या. तिकीटखिडकीवरचा आवाज. गेले.

डॉक्टरीण बाई तरुण आहेत, बोलायला गोड. एका पांढऱ्या मोठ्या वाडग्यात तोंड घालायला लावलं. एक डोळा झाकलेला, दुसऱ्याने समोरच्या खुणेकडे बघायचं, आणि आजूबाजूला कुठेही उजेडाचा ठिपका चमकला की हातातलं बटण दाबायचं. मला हसू आलं. हे तर माझं रोजचंच काम. आम्ही बारीक ताऱ्यांवर वाढलेली माणसं. मधेमधे यंत्र थांबत होतं, बराच वेळ ठिपकाच येत नव्हता. जुनं असेल. मी शांतपणे वाट बघितली. एकही चुकवला नाही, याची मला खात्री होती.

मग बाईंनी कागद पुढे ठेवला. उजव्या डोळ्याचं चित्र. करडे ठिपके, आणि त्यात उजवीकडे, वरच्या अंगाला, काळी जागा. बाकदार. घेवड्याच्या दाण्यासारखी.

"हाच," मी म्हटलं. "हा तुम्हाला कुठे मिळाला?"

बाईंना कळलं नाही. वन्संना कळलं. त्यांनी माझा दंड धरला.

काचबिंदू म्हणे. आतली नस सुकत जाते. दुखत नाही, खुपत नाही. नजरेच्या मधोमध शेवटपर्यंत स्वच्छ राहतं, म्हणून सुई ओवता येते. जिथलं गेलं तिथे काळं दिसत नाही, नुसतं काही दिसत नाही, आणि दोन्ही डोळे उघडे असले की एकाची उणीव दुसरा भरून काढतो, अगदी कडेची तेवढी राहते. डाव्यालाही सुरुवात झालेली आहे, पण थोडी. आईचं विचारलं. मी सांगितलं. बाईंनी मान हलवली.

"गेलेलं परत येणार नाही, आजी. पण थेंब रोज घातलेत तर आहे ते राहील. नाही घातलेत तर हा डाग पसरत जाईल, दोन्हीकडे."

मी विचारलं, "म्हणजे हा डाग जाणार नाही?"

"नाही. वाईट वाटतं सांगायला."

"नक्की नाही ना जाणार?"

बाईंनी माझ्या हातावर हात ठेवला. त्यांना वाटलं मी घाबरले.

१३ नोव्हेंबर

मास्तरांना फोन करून सांगितलं. अंकात काही छापू नका, तो ढग आकाशातला नाही. ते म्हणाले, "तुम्ही चित्र चोख काढलं होतं, वहिनी." मास्तरांना एवढं हळू बोलताना मी ऐकलं नव्हतं.

१५ नोव्हेंबर

काल पहिल्यांदा पट्टी उजव्या डोळ्यावर तशीच राहू दिली आणि डाव्याने बघितलं. हंस खाली उतरत होता, पण मान अजून वर होती. तिथे सगळे तारे होते. दाटीवाटीने, अगदी काठापर्यंत. नकाशात आहेत तितके. यांनी सांगितलेल्या जागी काहीच नव्हतं.

मग यांना काय दिसलं होतं? त्या वेळी हे तर वर येतही नव्हते. बघत मी होते. मी असं काही सांगितल्याचं मला आठवत नाही. तापात बोलले असतील. की उगीचच बोलले? उगीच बोलणारा माणूस नव्हता. मला वर पाठवून यांना काय मिळणार होतं?

शेवटी पट्टी सरकवून उजव्याने बघितलं. हे होते तिथे.

१८ नोव्हेंबर

थेंब घालायचे विसरले.

१९ नोव्हेंबर

आजही विसरले, असं लिहिणार होते. पण इथे तरी खोटं कशाला? बाटली उघडलेलीच नाही. फळीवर ठेवली आहे, तिथून येता-जाता दिसते.

पसरत जाईल, असं बाई म्हणाल्या. मला भीती वाटायला हवी होती. मी मनात हिशेब मांडत होते, आता घेवड्याच्या दाण्याएवढे आहेत. मग अर्धं आकाश होतील. मग सगळीकडे हेच.

२३ नोव्हेंबर

उजव्या हाताच्या कपाटाची कड लागली, कपाळाला खोक पडली. वन्संनी हळद दाबली, एक अक्षर बोलल्या नाहीत. त्या बोलत नाहीत तेव्हा घर मोठं होतं.

२४ नोव्हेंबर

आज दुपारी मी शिवणयंत्रावर होते. वन्सं आल्या आणि बाटली माझ्यासमोर कापडावर ठेवली. झाकणाचं सील तसंच.

"हे काय आहे?"

"घालणार आहे."

"कधी? माझ्या तेराव्याला?"

मी यंत्राचं चाक फिरवत राहिले. त्यांनी हात ठेवून चाक थांबवलं.

"त्या दिवशी मला काही दिसलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "एवढेसे तारे, गच्च भरलेले. कुठेही जागा नव्हती. मी खोटं बोलले."

मी वर बघितलं.

"मग हो कशाला म्हणालात?"

"तू ज्या तोंडाने विचारलंस, त्या तोंडाला नाही कोण म्हणेल?" त्यांचा आवाज फाटला. "आणि माझाही भाऊच होता की तो. मला वाटलं, असेल. मलाच दिसत नसेल. तू शिकलेली त्यातलं, मी तिकिटं फाडणारी. तेव्हाच नाही म्हटलं असतं तर तेव्हाच गेलो असतो डॉक्टरकडे."

"एवढ्याशा दिवसांनी काही फरक पडला नसता."

"ते तुझ्या बाईंना माहीत. मला झोप लागत नाही." मग बाटली उचलून माझ्यासमोर हलवली. "आणि हे काय चाललंय तुझं? मला कळत नाही असं वाटतं? आयुष्यभर काळोखात माणसं सोडली मी. काही लोक खेळ संपला तरी उठत नाहीत. त्यांना बाहेर कसं काढायचं ते मला चांगलं ठाऊक आहे."

मी म्हटलं, "वन्सं, हे एवढेच उरलेत माझ्याकडे."

"आणि माझ्याकडे?" त्या म्हणाल्या. "माझ्याकडे कोण उरलंय? तू आंधळी होऊन बसलीस तर माझ्या सुईत दोरा कोण ओवणार गं?"

हे इतकं रागाने म्हणाल्या की मला हसू आलं, आणि मग ते हसू राहिलं नाही.

त्यांनी सील दाताने तोडलं. मला खुर्चीत मागे टेकवलं. हनुवटीखाली हात घालून म्हणाल्या, "वर बघ."

वर पोपडे आलेलं छत होतं. थेंब पडला, गार. छत विरघळलं. बाईंनी सांगितलं होतं तसं त्यांनी नाकाजवळचा कोपरा बोटाने दाबून धरला आणि मला डोळा मिटायला लावला. दाब नीट होता.

"आत्ता दिसतोय का गं तो?" त्यांनी हळूच विचारलं.

"डोळे मिटल्यावर नाही दिसत."

बाहेर भंगारवाला ओरडत गेला. मग त्यांनी पदराने माझा गाल पुसला आणि खुर्चीच्या दुसऱ्या अंगाला आल्या.

"आता दुसरा डोळा," म्हणाल्या.

मी तोंड वर केलं.